नॉर्डिक देशांत आर्बोरिस्ट म्हणून कामाला जाताना: खानदेशातील होतकरूंसाठी मार्गदर्शन

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत झाडावर चढून काम करणाऱ्या माणसांची वानवा नाही. पावसाळ्याच्या तोंडावर वीजतारांना घासणाऱ्या फांद्या उतरवणारे, बांधावरचा निंब किंवा चिंच छाटून देणारे, गुरांसाठी अंजनाचा पाला पाडणारे आणि सातपुड्याच्या पायथ्याशी साग पारखून तोडणारे लोक गावोगाव आढळतात. त्यांच्यापैकी जे तरुण याच कामासाठी स्वीडन, नॉर्वे, फिनलंड किंवा डेन्मार्क येथे जाण्याचा विचार करीत आहेत, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. बहुतेक जण चौकशीला सुरुवात करतात ती व्हिसापासून, आणि तेथेच त्यांची दिशा चुकते. या क्षेत्रात व्हिसा सर्वांत शेवटी येतो. आधी कौशल्य, मग त्या कौशल्याचा लेखी पुरावा, त्यानंतर नोकरी देणारा मालक आणि मग परवाना, असा हा क्रम आहे. तो उलटा करून दाखवणारा मध्यस्थ भेटला, तर त्याच्यापासून चार हात दूर राहणे श्रेयस्कर.

काम नेमके कोणते

आर्बोरिस्ट म्हणजे लाकूडतोड्या नव्हे. जंगलातील लाकूडतोड नॉर्डिक देशांत आता बहुतांशी हार्वेस्टर नावाची अवजड यंत्रे करतात, आणि ती चालवणारे लोक वेगळ्या शिक्षणातून येतात. आर्बोरिस्ट हा शहरातील, उद्यानांतील, दफनभूमींतील, रस्त्याकडेच्या आणि घरांच्या अंगणांतील झाडांवर काम करतो. झाड शक्यतो टिकवणे, धोकादायक फांद्या काढणे, पोकळ किंवा बुरशी लागलेल्या खोडाची पाहणी करणे, फुटू पाहणाऱ्या दुबेळक्याला वरून दोराने आधार देणे आणि अगदीच नाइलाज झाला तर इमारतींच्या मधोमध उभे असलेले झाड तुकड्यातुकड्यांनी खाली उतरवणे, हे त्याचे काम असते.

आपल्याकडे ज्याला छाटणी म्हणतात, तिच्यातील बरीचशी पद्धत तेथे चूक मानली जाते, हे आधीच समजून घेतले पाहिजे. शेंडा सरसकट उडवणे, फांदी खोडाला अगदी चाटून कापणे, कापलेल्या जागी डांबर किंवा रंग फासणे, या तिन्ही गोष्टी तेथील प्रशिक्षणात वर्ज्य आहेत. त्यामागे अमेरिकी वृक्षशास्त्रज्ञ अलेक्स शायगो यांचे काम आहे. झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड सडलेल्या भागाभोवती आतून भिंती उभारून तो भाग वेगळा पाडते, हे त्यांनी हजारो खोडे चिरून दाखवून दिले. फांदीच्या बुडाशी जो फुगवटा असतो त्याला कॉलर म्हणतात, आणि ही भिंत उभारण्याची ताकद तेथेच असते. म्हणून फुगवट्याला धक्का न लावता त्याच्या लगेच बाहेर काप घ्यायचा असतो. जड फांदीसाठी तीन काप घेतात: पहिला बुडापासून थोडा दूर आणि खालून, दुसरा त्याच्याही थोडा पुढे वरून, म्हणजे फांदी साल न सोलता तुटून पडते, आणि तिसरा उरलेल्या थोट्यावर कॉलरच्या कडेने. हे वाचायला सोपे वाटते, परंतु वर्षानुवर्षे कोयत्याने एका घावात फांदी पाडण्याची सवय असलेल्या हाताला ही शिस्त लावण्यास वेळ लागतो. मुलाखतीत मालक हेच तपासतो.

झाडेही वेगळी आहेत. दक्षिण स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये ओक, बीच, ॲश, एल्म, लिंडेन व मेपल, तर उत्तरेकडे प्रामुख्याने बर्च, पाइन आणि स्प्रूस. ॲश या झाडाला शेंड्याकडून वाळवत नेणारा बुरशीजन्य रोग लागलेला आहे आणि एल्मला डच एल्म रोगाने ग्रासले आहे. या दोन्ही रोगांनी मेलेली झाडे उतरवणे हा तेथील कंपन्यांच्या कामाचा मोठा भाग असतो. मेलेल्या ॲशचे लाकूड ठिसूळ होते, फांदी इशारा न देता तुटते, आणि म्हणून अशा झाडावर अनेकदा दोराने न चढता उचलयंत्राच्या पाळण्यातून काम करतात. छाटणीचा हंगामही लक्षात ठेवण्याजोगा आहे. स्वीडनमध्ये जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर या तीन महिन्यांच्या आद्याक्षरांवरून ‘यास’ नावाचा ठोकताळा प्रचलित आहे. बर्च आणि मेपल यांसारखी झाडे वसंताच्या सुरुवातीला कापल्यास त्यांच्यातून रस वाहत राहतो, म्हणून ती या महिन्यांत छाटणे चांगले मानतात.

कायद्याची बाजूही कारागिराला ठाऊक असावी लागते. स्वीडनमध्ये रस्त्याकडेला किंवा शेतांमधून एका रांगेत उभ्या असलेल्या पाच किंवा अधिक पानझडी झाडांच्या जुन्या वृक्षरांगेला कायद्याचे संरक्षण असते, आणि छातीच्या उंचीवर एक मीटरहून अधिक व्यासाचे, दोनशे वर्षांहून जुने किंवा मोठी ढोली असलेले झाड विशेष जपण्यायोग्य समजले जाते. मालकाने सांगितले म्हणून करवत चालवली, ही सबब तेथे चालत नाही. आपल्याकडेही १९७५ च्या कायद्याने नागरी भागात वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागतेच. फरक एवढाच, की तेथे ती कोणी विसरत नाही.

इथे राहून करायची तयारी

ही तयारी दोन ते तीन वर्षांची आहे असे धरून चालावे. तिचा सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे नोंद ठेवणे. खानदेशात हे काम रोखीने, तोंडी बोलीवर आणि ठेकेदाराच्या हाताखाली होते; दहा वर्षे झाडावर घालवलेल्या माणसाकडे त्याचा एकही कागद नसतो. त्यामुळे आजपासूनच एक वही घालावी आणि तिच्यात प्रत्येक कामाची तारीख, ठिकाण, झाडाची जात, अंदाजे उंची व घेर, कामाची पद्धत, सोबतचे लोक आणि परवानगी असल्यास तिचा क्रमांक लिहावा. महानगरपालिका, नगरपालिका, महावितरणचा ठेकेदार, शाळा, सहकारी संस्था किंवा मोठा बागायतदार यांच्यासाठी काम केले असेल, तर त्यांच्याकडून शिक्का व सहीचे अनुभवपत्र घ्यावे, आणि मजुरी शक्यतो बँक खात्यावर घ्यावी. स्वतःचा छोटा व्यवसाय असल्यास उद्यम नोंदणी करून ठेवणे लाभाचे ठरते, कारण परदेशी मालकाला आणि परवाना देणाऱ्या खात्याला तोंडी सांगितलेला अनुभव मोजता येत नाही.

दुसरा भाग दोरावरच्या कौशल्याचा. आपल्याकडचा चांगला चढणारा अनवाणी पायांनी आणि कमरेला सोल बांधून भराभर वर जातो, आणि ती चपळाई खरोखरच कौतुकास्पद आहे. परंतु नॉर्डिक देशांत तशा पद्धतीने एक मीटरही चढू दिले जात नाही. तेथे चढणारा बसता हार्नेस घालतो, वजन बांधलेली बारीक दोरी फेकून वरच्या भक्कम फांदीवरून मुख्य दोर घेतो, घर्षणाच्या गाठीवर किंवा यांत्रिक साधनावर स्वतःचा भार ठेवतो आणि चेनसॉ चालवण्यापूर्वी कमरेच्या दुसऱ्या दोराने स्वतःला आणखी एका ठिकाणी अडकवतो. ही दुसरी अडकवण तारेचा गाभा असलेल्या दोराची असली तर अधिक सुरक्षित, कारण कापताना करवत दोराला लागण्याची भीती असते. प्रूसिक, ब्लेक आणि व्हॅल्डोटेन या घर्षणगाठी डोळे मिटून बांधता आल्या पाहिजेत. पायाला लावायचे लोखंडी काटे जिवंत ठेवायच्या झाडावर वापरत नाहीत. ते फक्त पूर्ण उतरवायच्या झाडासाठी असतात. आणि खाली उभा असलेला किमान एक सहकारी वर चढून जखमी माणसाला उतरवू शकेल इतका प्रशिक्षित असावा लागतो. ही बचावाची चाचणी जवळपास प्रत्येक प्रमाणपत्र परीक्षेत असते, आणि अनेक जण चढण्यात नव्हे तर तिच्यात नापास होतात.

जमिनीवरची तोडही नव्याने शिकावी लागते. ज्या दिशेला झाड पाडायचे त्या बाजूला पाचरीसारखी खाच, मागून काप आणि दोहोंच्या मध्ये न कापलेल्या लाकडाची पट्टी, जी बिजागरीचे काम करते. या पट्टीची जाडी खोडाच्या व्यासाच्या सुमारे दहा टक्के ठेवण्यास शिकवतात. तोड सुरू करण्यापूर्वी माघार घेण्याची वाट मोकळी करून ठेवायची असते. गावाकडे ज्याला कटर मशीन म्हणतात त्या चेनसॉला धार लावणे, साखळीचा ताण राखणे आणि साखळीचा ब्रेक तपासणे ही कामे स्वतः करता येणे अपेक्षित असते. वर झाडात वापरायची एका हाताच्या पकडीची छोटी करवत वेगळी असते, आणि ती जमिनीवर वापरणे तेथे बेफिकिरीचे लक्षण समजतात.

आता प्रमाणपत्रांविषयी. येथे निवड विचारपूर्वक केली पाहिजे, कारण पैसा येथेच जातो. युरोपीय वृक्षसंवर्धन परिषदेचे ‘युरोपियन ट्री वर्कर’ हे प्रमाणपत्र नॉर्डिक देशांत सर्वांत ओळखीचे आहे. त्याची परीक्षा युरोपातील मान्य केंद्रांवर होते, तिच्यात लेखी, तोंडी आणि झाडावरची प्रात्यक्षिके असतात, आणि दर तीन वर्षांनी त्याचे नूतनीकरण करावे लागते. ब्रिटनमधील सिटी अँड गिल्ड्सची चेनसॉ, झाडावर चढणे व वरून बचाव यांची स्वतंत्र प्रमाणपत्रे अनेक नॉर्डिक कंपन्या मान्य करतात, कारण त्यांच्याकडे ब्रिटिश कामगार पूर्वीपासून आहेत. युरोपियन चेनसॉ सर्टिफिकेटच्या चार पायऱ्या आहेत: निगा व तुकडे करणे, साधी तोड, अवघड तोड आणि वादळाने पाडलेल्या झाडांचे काम. आंतरराष्ट्रीय वृक्षसंवर्धन संस्थेचे, म्हणजे आयएसएचे, प्रमाणित आर्बोरिस्ट हे प्रमाणपत्र भारतात बसून मिळवता येणाऱ्या मोजक्या प्रमाणपत्रांपैकी आहे, मात्र त्यासाठी साधारण तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव किंवा शिक्षण व अनुभव यांचा मेळ दाखवावा लागतो. वहीतील नोंदी येथेच उपयोगी पडतात. ही परीक्षा ज्ञानाची आहे, हाताच्या कसबाची नाही, हे मालकालाही ठाऊक असते.

मुंबई आणि इतर शहरांत उंच इमारती व कारखान्यांसाठी दोरावरील कामाचे, इराटा या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पद्धतीचे प्रशिक्षण मिळते. चार दिवस प्रशिक्षण आणि पाचव्या दिवशी परीक्षा असा त्याच्या पहिल्या पातळीचा आराखडा असतो. ते झाडावरच्या कामाची जागा घेऊ शकत नाही, तथापि दोर, गाठी आणि बचाव यांची शिस्त त्यात पक्की होते; ज्याला युरोपात जाऊन परीक्षा देण्याइतका पैसा लगेच उभा करता येत नाही, त्याने आधी हे करावे असे माझे मत आहे. कृषी पदविका किंवा उद्यानविद्येची पदवी असल्यास ती मोलाची ठरते. आयटीआयच्या एक-दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे महत्त्व मात्र देशानुसार बदलते, आणि त्याचे कारण पुढे येईलच.

इंग्रजी बोलता येणे अनिवार्य समजावे. ‘थांब’, ‘दोर सोड’, ‘खाली कोणी आहे का’ या अर्थाचे शब्द गोंगाटात क्षणार्धात समजले नाहीत तर माणूस मरू शकतो. ज्या देशात जायचे त्या देशाची भाषा पहिल्या पायरीपर्यंत येत असेल, तर शंभर अर्जांमध्ये आपला अर्ज वेगळा दिसतो. स्वीडिश आणि नॉर्वेजियन भाषा एकमेकींना इतक्या जवळ आहेत की एक शिकल्याने दुसरीचे दार बरेच उघडते. फिनिश मात्र अगदी निराळ्या कुळातील आहे.

चार देश, चार दारे

स्वीडनमध्ये बहुतेक व्यवसायांसाठी कामाचा परवाना मागता येतो, पण अटी कडक आहेत. मालकाने ही जागा स्वीडन, युरोपीय संघ व स्वित्झर्लंड येथील लोकांसाठी किमान दहा दिवस जाहीर केलेली असावी, पगार व सेवाशर्ती त्या क्षेत्रातील सामूहिक करारापेक्षा, म्हणजे कामगार संघटना आणि मालक यांच्यात ठरलेल्या करारापेक्षा, कमी नसाव्यात, आणि मालकाने आरोग्य, आयुर्विमा, अपघात व निवृत्तिवेतन यांचा विमा उतरवलेला असावा. नोव्हेंबर २०२३ पासून पगाराची किमान मर्यादा देशातील मध्यक (सर्व पगार चढत्या क्रमाने मांडल्यास मधोमध येणाऱ्या) पगाराशी जोडलेली आहे. जून २०२५ मध्ये ती दरमहा २९,६८० स्वीडिश क्रोनर होती. ही रक्कम वेळोवेळी वाढते, म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी स्वीडिश स्थलांतर खात्याच्या संकेतस्थळावरील आकडाच प्रमाण मानावा. अर्जाची सुरुवात मालक करतो. तो नोकरीचा प्रस्ताव ऑनलाइन भरतो आणि त्यानंतर आपल्याला दुवा येतो. पहिला परवाना जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो आणि सामान्यतः त्याच मालकाशी व त्याच व्यवसायाशी बांधलेला असतो. नवख्या कामगाराला ही पगाराची मर्यादा गाठून देणे छोट्या कंपनीला जड जाते, म्हणून अनुभव आणि प्रमाणपत्रे यांचे वजन स्वीडनमध्ये अधिक.

नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंजेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. तेथे कुशल कामगाराच्या परवान्यासाठी उच्च माध्यमिक स्तरावरील किमान तीन वर्षांचे व्यावसायिक शिक्षण, संबंधित विषयाची पदवी किंवा दीर्घ अनुभवातून आलेली विशेष पात्रता लागते. आणि ही पात्रता केवळ अनुभवावर सिद्ध करायची असेल, तर साधारण सहा वर्षांहून अधिक काम दाखवावे लागते. आयटीआयचा एक-दोन वर्षांचा अभ्यासक्रम येथे एकट्याने पुरत नाही. शेती व वनक्षेत्रातील हंगामी परवाना वेगळा असतो आणि बारा महिन्यांत सहा महिन्यांपर्यंतच मिळतो. शहरातील झाडांच्या कामासाठी त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

फिनलंडमध्ये नोकरदाराच्या निवास परवान्याचा निर्णय दोन टप्प्यांत होतो: आधी त्या कामासाठी देशात व युरोपात माणूस उपलब्ध आहे का आणि मालकाच्या अटी नियमानुसार आहेत का हे तपासतात, मग स्थलांतर खाते उरलेली बाजू पाहते. २०२५ मध्ये या परवान्यासाठी दरमहा किमान १,६०० युरो पगाराची अट होती, आणि सामूहिक करारात त्याहून अधिक पगार असेल तर तोच द्यावा लागतो. जून २०२५ पासून नोकरी गेल्यास बहुतेकांना तीन महिन्यांत दुसरी शोधावी लागते. फिनलंडची एक सोय अशी, की तेथील बांधकाम व इतर अनेक कामांवर मागितले जाणारे कार्यसुरक्षा कार्ड एका दिवसाच्या अभ्यासक्रमाने मिळते, पाच वर्षे चालते आणि हा अभ्यासक्रम इंग्रजीतही असतो.

डेन्मार्कचे दार या व्यवसायासाठी सर्वांत अरुंद आहे. पगारमर्यादेच्या योजनेत २०२५ साठी वार्षिक ५,१४,००० डॅनिश क्रोनरची अट होती, जी सामान्य आर्बोरिस्टला गाठणे कठीण. आणि दुसरी वाट म्हणजे कुशल कामगारांची टंचाई दाखवणारी यादी, जी वर्षातून दोनदा बदलते. आपला व्यवसाय त्या यादीत असेल तेव्हाच डेन्मार्कचा विचार करावा. एकंदरीत, अनुभवी व प्रमाणित कामगाराने स्वीडन, आणि सुरुवातीच्या पायरीवरील कामगाराने फिनलंड, असा क्रम मला व्यवहार्य वाटतो.

मालक शोधणे आणि फसवणूक ओळखणे

स्वीडनमध्ये सरकारी रोजगार खात्याचे प्लाट्सबांकेन, नॉर्वेमध्ये आर्बाइड्सप्लासेन आणि फिनलंडमध्ये त्यॉमार्किनातोरी ही नोकऱ्यांची सार्वजनिक संकेतस्थळे आहेत. शिवाय संपूर्ण युरोपासाठी युरेस आहे. त्याहून चांगला मार्ग म्हणजे प्रत्येक देशातील वृक्षसंवर्धन संघटनांच्या सभासद कंपन्यांना थेट लिहिणे: स्वीडनची स्वेन्स्का ट्रेडफोरेनिंगेन, नॉर्वेचे नोर्श्क ट्रेप्लाइएफोरुम, डेन्मार्कची डान्स्क ट्रेप्लाइएफोरेनिंग. पत्र एका पानाचे असावे. त्यात कोणत्या उंचीपर्यंत, कोणत्या पद्धतीने, किती वर्षे काम केले आणि कोणती प्रमाणपत्रे आहेत एवढेच असावे. स्थानिक उमेदवाराला कंपन्या एक दिवस चाचणीसाठी बोलावतात. आपल्याला ते शक्य नसल्यामुळे स्वतःच्या कामाची सात-आठ मिनिटांची चित्रफीत जोडावी, ज्यात चढण्यापूर्वीची तपासणी, गाठी, काप आणि बचाव हे सर्व कापाकापी न करता दिसेल. हेल्मेट, डोळ्यांचे व कानांचे संरक्षण आणि करवतीपासून वाचवणारी पँट यांच्याशिवाय घेतलेली चित्रफीत पाठवणे म्हणजे स्वतःच नकार मागून घेणे होय, मग काम कितीही सफाईदार असो.

प्रस्ताव आला की कंपनी खरी आहे का ते तपासावे. स्वीडन, नॉर्वे, फिनलंड आणि डेन्मार्क या चारही देशांत प्रत्येक कंपनीचा नोंदणी क्रमांक असतो आणि तो सरकारी नोंदवहीत मोफत पाहता येतो; नॉर्वेची ब्रनेयसुंद नोंदवही आणि डेन्मार्कची सीव्हीआर ही त्यांची उदाहरणे. करारात पगार, कामाचे तास, जादा कामाचा मोबदला, राहण्याची जागा व तिचे भाडे आणि विमा यांचा उल्लेख असलाच पाहिजे. नोकरी मिळवून देण्यासाठी मालकाने पैसे मागणे हे फसवणुकीचे ठळक लक्षण आहे.

भारतातून परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या मध्यस्थाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी बंधनकारक आहे, आणि नोंदणीकृत मध्यस्थांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. त्याला उमेदवाराकडून घेता येणारे सेवाशुल्क तीस हजार रुपये व त्यावरील जीएसटी इतकेच आहे. तालुक्याच्या गावी दुकान थाटून तीन-चार लाख मागणारा, पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेणारा आणि ‘आधी पर्यटक व्हिसावर जा, मग तिथे कामाचा करून घेऊ’ असे सांगणारा इसम या कायद्यात कोठेच बसत नाही. शेंजेन पर्यटक व्हिसावर काम करणे बेकायदा आहे, आणि पकडले गेल्यास पुढची अनेक वर्षे युरोपचे दार बंद होऊ शकते. त्यासाठी शेत गहाण ठेवण्याचा तर विचारही करू नये. नॉर्डिक देश उत्प्रवास मंजुरी लागणाऱ्या देशांच्या यादीत नाहीत, त्यामुळे दहावी नापास उमेदवारालाही येथे वेगळी मंजुरी घ्यावी लागत नाही; ती मिळवून देण्याच्या नावाखाली कोणी पैसे मागत असेल तर तेही खोटेच.

निघण्यापूर्वीची कागदपत्रे

नावाचा घोळ हा आपल्याकडचा जुना रोग आहे. शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे, पासपोर्टवर वडिलांचे नाव जोडलेले आणि अनुभवपत्रावर टोपणनाव, अशी स्थिती असेल तर आधी सर्व कागद पासपोर्टप्रमाणे करून घ्यावेत. पोलिस पडताळणीचा दाखला पासपोर्ट सेवा केंद्रामार्फत मिळतो. विवाह, जन्म किंवा शिक्षणाचे प्रमाणपत्र मागितले गेल्यास ते राज्य शासनाकडून प्रमाणित करून मग परराष्ट्र मंत्रालयाकडून अपोस्टिल, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारानुसार परदेशात ग्राह्य धरला जाणारा शिक्का, घ्यावा लागतो. भारत आणि चारही देश या आंतरराष्ट्रीय करारात असल्यामुळे अपोस्टिलनंतर वकिलातीच्या आणखी शिक्क्याची गरज सहसा राहत नाही.

बँकेला कळवून बचत खाते अनिवासी भारतीयांच्या प्रकारात बदलून घ्यावे, कारण परकीय चलन कायद्यानुसार अनिवासी झाल्यावर साधे खाते चालवता येत नाही. शेतकरी कुटुंबांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी: अनिवासी झाल्यावर आपल्या नावावरची किंवा वारसाने आलेली शेतजमीन ठेवता येते, परंतु नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. तेथे कमावून इकडे शेत वाढवण्याचा बेत असेल, तर तो घरातील इथे राहणाऱ्या व्यक्तीच्या नावे करावा लागेल, आणि याची चर्चा निघण्यापूर्वीच घरात मोकळेपणाने व्हावी.

पोहोचल्यानंतर

जळगावच्या पंचेचाळीस अंशांत वाढलेल्या शरीराला थंडी जड जाते; त्याहून जड जातो तो अंधार. स्टॉकहोममध्ये डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो, आणि नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. कामे हिवाळ्यातही चालतात, कारण गोठलेल्या जमिनीवर यंत्रे रुतत नाहीत. अंगावर आतून लोकरीचा थर, त्यावर हवा खेळती ठेवणारा थर आणि बाहेर वारा अडवणारा थर घालावा. सुती कपडा घामाने ओला झाला की गारठवतो, म्हणून तो आत घालू नये. थंडी आणि करवतीचे कंपन एकत्र आले की बोटांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावून बोटे पांढरी पडण्याचा आजार जडू शकतो. युरोपीय नियमांनुसार आठ तासांच्या दिवसासाठी हातावरील कंपनाची मर्यादा पाच एकक आणि खबरदारीची पातळी अडीच एकक, म्हणजे मीटर प्रति सेकंद वर्ग, अशी आहे. म्हणून करवत दिवसभर एकाच्याच हातात ठेवत नाहीत. तो नियम आळशीपणासाठी नाही, हे नव्या माणसाने ध्यानात घ्यावे.

उन्हाळ्यात गवत-झुडपांतून गोचिडी अंगावर चढतात. स्टॉकहोमचा किनारा, मेलारेन सरोवराचा परिसर आणि फिनलंडची ओलांड बेटे या भागांत त्यांच्यामुळे मेंदूज्वर होऊ शकतो. त्याची लस मिळते आणि आर्बोरिस्टने ती घ्यावीच. बोरेलिया नावाच्या दुसऱ्या रोगावर लस नाही, त्यामुळे रोज संध्याकाळी काखा, गुडघ्यांची मागची बाजू आणि जांघा तपासून गोचिडी चिमट्याने मुळापासून काढणे हाच उपाय.

स्वीडनमध्ये एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ राहणाऱ्याने कर खात्याकडे लोकसंख्या नोंदणी करावी. तेथून मिळणाऱ्या वैयक्तिक क्रमांकाशिवाय बँक, भाड्याचे घर, दवाखाना आणि मोबाइलवरील ओळखप्रणाली काहीच सुरळीत होत नाही. नोंदणी झालेल्यांना स्वीडिश भाषेचे सरकारी वर्ग मोफत असतात. नॉर्वेमध्ये ओळख पडताळणीनंतर डी-क्रमांक (तात्पुरता ओळख क्रमांक) आणि करपत्र घ्यावे लागते. करपत्र नसल्यास मालक पगारातून अर्धी रक्कम कापून घेतो. पगार रुपयांत गुणून पाहण्याचा मोह टाळावा, कारण कर, घरभाडे आणि जेवण यांत त्यातील मोठा भाग तेथेच खर्च होतो.

वाहन परवान्याचा विचार बहुतेकजण फार उशिरा करतात. छोट्या कंपनीत दोन-तीन माणसांची टोळी गाडीला फांद्या दळणारे यंत्र जोडून निघते, आणि ज्याला गाडी चालवता येत नाही तो टोळीला ओझे होतो. भारतीय परवाना नॉर्वेमध्ये पहिले तीन महिने आणि स्वीडनमध्ये लोकसंख्या नोंदणीपासून एक वर्ष चालतो. त्यानंतर तेथील परीक्षा देऊनच परवाना मिळतो, जुना बदलून मिळत नाही. स्वीडनच्या परीक्षेत निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे सक्तीचे प्रशिक्षण असते, आणि जड ट्रेलर ओढण्यासाठी आणखी वरची श्रेणी लागते. ही सर्व शुल्के मोठी आहेत, म्हणून कराराची बोलणी करतानाच परवान्याचा खर्च मालक उचलेल का, हे विचारून घ्यावे.

स्वीडनमध्ये नोकरीत चेनसॉ चालवणाऱ्याकडे सैद्धांतिक व प्रात्यक्षिक ज्ञानाचा लेखी पुरावा असणे बंधनकारक आहे. त्यासाठी तेथील चेनसॉ परवान्याच्या पातळ्या आहेत: ए मध्ये यंत्राची निगा व पडलेल्या खोडाचे तुकडे, बी मध्ये साधी तोड, सी मध्ये अवघड तोड. परदेशी प्रमाणपत्र असले तरी कंपनी हा अभ्यासक्रम पुन्हा करायला लावू शकते. त्यात कमीपणा मानू नये. वादळाने आडव्या झालेल्या झाडांचे काम तर स्वतंत्रपणे शिकवले जाते, आणि त्याला कारण आहे. जानेवारी २००५ मधील गुद्रुन वादळाने दक्षिण स्वीडनमध्ये सुमारे साडेसात कोटी घनमीटर लाकूड पाडले, आणि नंतरच्या सफाईत अनेक माणसे दगावली. वाकलेल्या, एकमेकांत अडकलेल्या खोडांत ताण साठलेला असतो. चुकीच्या बाजूने काप घेतला की खोड उसळून माणसाला फेकते.

कामगार संघटनेचे सभासद व्हावे. स्वीडनमध्ये उद्यान व हरितक्षेत्रातील अनेक कामगार कोमुनाल या संघटनेत असतात, आणि करारानुसार पगार मिळतो की नाही हे तिच्याकडून पडताळून घेता येते. कामाच्या ठिकाणी कामगारांनी निवडलेला सुरक्षा प्रतिनिधी असल्यास, जिवाला तातडीचा व गंभीर धोका दिसताच त्याला काम थांबवण्याचा कायदेशीर अधिकार आहे. त्याचे नाव आणि फोन क्रमांक पहिल्याच दिवशी विचारून घ्यावा. आपत्कालीन क्रमांक स्वीडन, फिनलंड व डेन्मार्क येथे ११२ आहे, तर नॉर्वेमध्ये रुग्णवाहिकेसाठी ११३, अग्निशमनासाठी ११० आणि पोलिसांसाठी ११२. प्रत्येक कामाच्या सुरुवातीला त्या जागेचा पत्ता किंवा नकाशावरील निर्देशांक टोळीतील सर्वांनी लिहून ठेवण्याची तेथे पद्धत आहे, कारण रुग्णवाहिकेला सांगायला ‘मोठ्या वडाजवळ’ एवढे पुरत नाही.